मावशीचा कॉम्प्युटर आणि अँटिव्हायरसची निवड

मावशीचा कॉम्प्युटर सुरू केला आणि पहिल्या पाच मिनिटांत खालच्या उजव्या कोपऱ्यात सहा चौकटी येऊन गेल्या. मी मोजल्या. एक म्हणत होती मुदत संपली, नूतनीकरण करा. दुसरीला ४१२ ‘समस्या’ सापडल्या होत्या. तिसरी व्हीपीएन घ्या म्हणून मागे लागली होती. मावशी एकही न वाचता त्या बंद करत होती. “अगं, हे रोजचंच आहे. फुली मारली की जातात.”

त्यात लॅपटॉपसोबत आलेला एक अँटिव्हायरस होता, त्याची चाचणी-मुदत कधीच संपली होती. दुसरा कुणीतरी फुकट टाकून दिलेला होता. तिसरा कसलातरी ‘क्लीनर’, तो कुठून आला हे तिलाही ठाऊक नव्हतं. फुकट अँटिव्हायरसची नोंदवही उघडली तर नऊ दिवसांपूर्वीची एक नोंद दिसली. पीडीएफ बदलून देणारा म्हणून उतरवलेला एक प्रोग्राम त्याने अडवला होता आणि मावशीने ‘अलाउ’ दाबलं होतं. ते दाबलं की चौकट जाते, एवढंच तिला माहीत होतं. ब्राउझरचं शोधपान बदललेलं होतं आणि तिने कधीच न घेतलेली दोन एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्राम, तिथे बसली होती. सगळं साफ करण्यात आणि दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून तिचे पासवर्ड बदलण्यात आमची अख्खी दुपार गेली.

खरा इशारा आला होता. तो रोजच्या कटकटीत हरवला. त्या दिवसापासून कुणी मला ‘कोणता अँटिव्हायरस घेऊ’ असं विचारलं की मी आधी विचारते, त्या कॉम्प्युटरसमोर बसतं कोण? तो प्रोग्राम किती वेळा बोलणार, आणि बोलला की त्या माणसाला ते कळणार का? किती टक्के व्हायरस पकडतो हे त्यानंतर बघायचं. त्या बाबतीत नावाजलेल्या प्रोग्राममध्ये आता फार अंतर राहिलेलं नाही.

आधी काय आहे ते बघा

विंडोज १० किंवा ११ असेल तर अँटिव्हायरस आधीपासूनच घरात आहे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजच्या आतच येतो. सुरुवातीच्या काळात चाचण्यांमध्ये तो मागच्या बाकावर असायचा, आणि ‘डिफेंडर काही कामाचा नाही’ हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसलंय. आता चित्र वेगळं आहे. गेली कित्येक वर्षं एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचणीत तो बऱ्याचदा पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण घेतो.

स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असं टाइप करा आणि ते उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या भागात कोण पहारा देतंय ते लिहिलेलं असतं. डिफेंडर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे तिन्ही चालू हवेत. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण बरेच घातक प्रोग्राम आत शिरले की आधी पहारेकऱ्यालाच झोपवायला बघतात. टॅम्पर प्रोटेक्शन त्यांना ते करू देत नाही.

आणखी एक बटण आहे आणि ते वेगळ्याच खोलीत आहे. ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडा. तिथे ‘पोटेन्शिअली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ असतं. ते चालू करा. मावशीच्या मशीनवर आलेली घाण नेमकी याच जातीची होती. कायद्याने व्हायरस म्हणावा असं ते नसतं. ब्राउझर बळकावायचा, जाहिराती दाखवायच्या, सोबत आणखी दोन-तीन प्रोग्राम आणायचे, असा त्यांचा धंदा. घरच्या कॉम्प्युटरला रोजचा त्रास याच मंडळींचा होतो.

त्याच विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामांसाठी, ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे. तो मुळात बंद असतो. चालू केला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत काही लिहिता येत नाही. मी माझ्या मशीनवर तो चालू ठेवलाय. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या स्कॅनरचा जुना प्रोग्राम अडवला आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागली. मावशीकडे मात्र मी तो बंदच ठेवला. तिला पुन्हा न कळणाऱ्या चौकटी दाखवायच्या नव्हत्या. तिच्या फोटोंसाठी वेगळी सोय केली, ती पुढे सांगते.

डिफेंडर कुठे कमी पडतो

त्याची खरी ताकद इंटरनेटवर अवलंबून आहे. संशयित फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि तिथून उत्तर येतं. जोडणी नसेल तर त्याची ओळखशक्ती बरीच खाली येते. एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था ऑफलाइन ओळखीचा आकडा वेगळा छापते आणि तिथे हा फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा कॉम्प्युटर दिवसचे दिवस नेटशिवाय चालत असेल आणि त्याला सतत कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागत असतील, तर ऑफलाइन रकान्यात वरचा आकडा असलेला दुसरा अँटिव्हायरस बघा.

दुसरं म्हणजे घातक संकेतस्थळं अडवणारी त्याची स्मार्टस्क्रीन मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करते. क्रोम आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांना गूगलची ‘सेफ ब्राउझिंग’ यादी सांभाळते, तीही चांगली आहे. पण कोणत्याही ब्राउझरमध्ये खोटी बँकपानं एकसारखी अडवली जावीत असं वाटत असेल तर बाहेरच्या अँटिव्हायरसमध्ये ती सोय बऱ्याचदा मिळते.

तिसरी गोष्ट जुन्या मशीनची. फिरती हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर डिफेंडर फाइल्स तपासायला बसला की सगळं रेंगाळतं. अशा मशीनवर हलका अँटिव्हायरस घेतल्याने फरक पडतो. पण जमत असेल तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. त्याने जितका वेग मिळतो तितका अँटिव्हायरस बदलून मिळणार नाही.

यातलं काहीच लागू होत नसेल, कॉम्प्युटर नेटवर असतो, विंडोज अद्ययावत आहे, वापर ब्राउझर आणि कागदपत्रांपुरता आहे, तर माझ्या मते डिफेंडर पुरेसा आहे. मावशीकडे मी तोच ठेवला. त्याला काही विकायचं नसतं म्हणून तो फारसा बोलत नाही, आणि माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

विंडोज १० बद्दल इथेच सांगते, कारण यात फार गैरसमज आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, आणि ते ऐकून लोक निश्चिंत होतात. पण यादी अद्ययावत असणं वेगळं आणि विंडोजमधली भोकं बुजणं वेगळं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच येऊन पडला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. म्हणून विंडोज १० वरच राहायचं असेल तर जादा सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवा, आणि त्या मुदतीत विंडोज ११ किंवा दुसऱ्या मशीनचा विचार करा. त्याऐवजी महागडा अँटिव्हायरस घेऊन भागत नाही.

बाहेरचा घ्यायचा असेल तर

‘यंदाचे सर्वोत्तम दहा अँटिव्हायरस’ अशी पानं मी उघडत नाही. त्यातल्या बहुतेक पानांना प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. त्यापेक्षा तीन चाचणी संस्थांचे निकाल थेट त्यांच्याच पानावर वाचता येतात. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट आहे. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज आहे. लंडनला एसई लॅब्ज आहे. घरगुती प्रोग्रामांचे त्यांचे निकाल फुकट बघायला मिळतात.

एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १८ गुण देते. बहुतेक जण संरक्षणाचा रकाना बघून थांबतात. तुम्ही सुलभतेचा बघा. त्याचं नाव फसवं आहे, कारण त्यात बटणं किती छान आहेत हे मोजत नाहीत. चांगल्या फाइलला चुकून व्हायरस ठरवण्याचे प्रकार किती झाले ते तिथे मोजतात. एव्ही-कम्पॅरेटिव्हजही हा खोट्या इशाऱ्यांचा आकडा वेगळा देते. माझ्या निवडीत त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे, कारण जो प्रोग्राम वरचेवर खोटी आरोळी देतो त्याचा मालक दोन महिन्यांत प्रत्येक वेळी ‘अलाउ’ दाबायला शिकतो.

खोटा इशारा किती महागात पडू शकतो याचं जुनं उदाहरण २१ एप्रिल २०१० चं आहे. मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवून उचलली आणि जगभरातली असंख्य मशीन पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिली. इतका मोठा प्रकार क्वचितच होतो. पण छोटे प्रकार सगळ्यांकडूनच होतात, म्हणून एका महिन्याच्या निकालावर जाऊ नका, वर्षभराचे बघा. ९९.६ आणि ९९.९ या फरकासाठी झोप घालवण्यात अर्थ नाही. वर्षभर वरच्या गटात टिकलेला आणि खोट्या इशाऱ्यांत खालच्या आकड्यावर असलेला प्रोग्राम निवडा.

फुकट की पैसे देऊन? फुकटचेही पकडण्यात कमी नसतात. बऱ्याच कंपन्यांच्या दोन्ही प्रकारांत व्हायरस ओळखणारं इंजिन तेच असतं. पण फुकट प्रोग्राम त्याची किंमत दोन मार्गांनी वसूल करू शकतो. एक म्हणजे जाहिरातींच्या चौकटी, ज्यांनी मावशीचा घात केला. दुसरा मार्ग तुमची माहिती. अँटिव्हायरसला कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाइल आणि पुष्कळदा प्रत्येक संकेतस्थळ दिसतं, म्हणून इथे विश्वासाचा प्रश्न इतर प्रोग्रामांपेक्षा मोठा आहे. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली होती. ते उघड झाल्यावर २०२० च्या जानेवारीत जम्पशॉट बंद केली गेली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून कोणताही प्रोग्राम बसवताना ‘नेक्स्ट’ दाबत सुटू नका. माहिती वाटून घ्यायला होकार देणाऱ्या बरोबरच्या खुणा कुठे आहेत त्या शोधा आणि काढून टाका.

अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं २०२२ पासून जेन डिजिटल या एकाच कंपनीखाली आहेत, हेही ठाऊक असू द्या. अव्हास्टला कंटाळून एव्हीजी टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी पाटी बदलली, घर तेच.

सरकारी निर्बंधांचाही विचार करावा लागतो. अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरसची नवी विक्री २० जुलैपासून आणि अपडेट २९ सप्टेंबरपासून थांबवले. चाचण्यांत तो कायम वरच्या रांगेत होता. पण अपडेट थांबलेला अँटिव्हायरस काही दिवसांत निरुपयोगी होतो, मग तो मुळात कितीही चांगला असो. तुमच्या देशात ज्याचे अपडेट निर्धोक चालू राहतील असाच घ्या.

पैसे देण्याची सबळ कारणं मला तीनच दिसतात. घरात बरीच यंत्रं आहेत, त्यात अँड्रॉइड फोनही आहेत, आणि सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवायचीय. किंवा मुलांच्या वापरावर मर्यादा घालायच्यात आणि विंडोजची स्वतःची सोय पुरत नाही. किंवा अडचणीत फोन उचलून बोलणारं माणूस हवंय, जे एकट्याने राहणाऱ्यांसाठी खरंच मोलाचं आहे. ‘रजिस्ट्री साफ करतो’, ‘ड्रायव्हर अपडेट करतो’, ‘कॉम्प्युटर तिप्पट वेगवान करतो’ यासाठी एक पैसाही देऊ नका. पैसे देऊन अँटिव्हायरस घेतलाच तर त्याच दिवशी खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. पहिल्या वर्षाची किंमत बहुधा सवलतीची असते आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण रक्कम परस्पर कापली जाते.

बहुतेक प्रोग्राम महिनाभर फुकट वापरून बघता येतात. त्या महिन्यात एक वही जवळ ठेवा आणि चौकट आली की रेघ मारा. ती इशाऱ्याची होती, अपडेटची की जाहिरातीची, एवढंच लिहायचं. जाहिराती सेटिंगमधून बंद करता येतात का तेही बघा. महिन्याअखेरीस ती वही तुम्हाला कोणत्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगेल. मी स्वतः असे दोन प्रोग्राम पारखले. एकाने महिन्यात २३ चौकटी दाखवल्या, त्यातल्या १९ काहीतरी विकणाऱ्या होत्या. दुसऱ्याने चार दाखवल्या. पहिला पैसे भरून घेतलेला होता.

जुना काढणं

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहाऱ्यावर ठेवू नका. दोघंही प्रत्येक फाइल उघडायच्या क्षणी तिच्यावर झडप घालतात, एकमेकांना अडवतात, कधी एकमेकांच्याच फाइल्स संशयित ठरवतात. बाहेरचा नीट बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, ती काळजी करू नका. अडचण दोन बाहेरच्यांची होते.

सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’च्या यादीतून जुना काढा. पुष्कळदा तेवढ्याने तो पूर्ण जात नाही. जवळपास प्रत्येक कंपनी आपला प्रोग्राम मुळासकट उपटण्यासाठी एक वेगळं साधन देते. ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, शोधात वर आलेल्या भलत्याच पानावरून नको. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर जागा झालाय ना ते डोळ्यांनी बघा. मावशीकडे पहिला प्रोग्राम काढल्यावरही त्याची एक चौकट येतच राहिली होती, ती या साधनानेच गेली.

मनात शंका असेल तर दुसरं मत घेता येतं. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर किंवा ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर हे एकदा तपासून निघून जाणारे आहेत, पहाऱ्यावर बसत नाहीत. सेफ्टी स्कॅनरची उतरवलेली प्रत दहा दिवसांत कालबाह्य होते, पुढच्या वेळी नवी घ्यायची. एखाद्या फाइलपुरतं विचारायचं असेल तर व्हायरसटोटल हे संकेतस्थळ आहे, तिथे सत्तरच्या आसपास इंजिनांचं मत एकत्र मिळतं. पण तिथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्या आणि अभ्यासकांच्या हाती जाऊ शकते. पगाराचा कागद, वैद्यकीय अहवाल, करार तिथे कधीही चढवू नका.

इशाऱ्याची रंगीत तालीम

हे मी प्रत्येक घरी करते आणि तुम्हीही करा असं अगदी कळकळीने सांगते. आयकार नावाच्या युरोपीय संस्थेची एक चाचणी-फाइल आहे. त्यात फक्त ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण सगळ्या अँटिव्हायरसनी ती व्हायरस म्हणून धरायची असं त्यांच्यात ठरलेलं आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवायला जा. पहारा जागा असेल तर ती लगेच अडवली जाते.

मी मावशीला शेजारी बसवलं आणि तिच्याच हाताने ती फाइल उतरवायला लावली. कोपऱ्यात चौकट आली. मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. मग चौकटीवर क्लिक करून विंडोज सिक्युरिटीत नेलं, फाइल ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे कोंडून ठेवलेली दाखवली आणि ‘रिमूव्ह’ तिला दाबू दिलं. दुसऱ्यांदा तिने एकटीने केलं. खरा इशारा कसा दिसतो हे तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्याच बैठकीत खोट्याचं तोंडही ओळखून ठेवायचं. अख्खा पडदा व्यापणारी लाल खिडकी, भोंग्याचा आवाज, ‘तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. व्हायरस सापडल्याचा खरा इशारा फोन नंबर देत नाही आणि ब्राउझरच्या पानात येत नाही. अशा वेळी ऑल्ट आणि एफ४ एकदम दाबायचं, तेवढ्याने गेली नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का असं त्याने विचारलं तर नाही म्हणायचं. कोपऱ्यात सारख्या ‘व्हायरस सापडला’ अशा सूचना येत असतील आणि त्यांवर ब्राउझरचं नाव असेल, तर कुठल्यातरी संकेतस्थळाला कधीतरी सूचनांची परवानगी दिली गेलीय. ब्राउझरच्या सेटिंगमधल्या ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीतून ते संकेतस्थळ काढून टाका. मावशीच्या यादीत अशी अकरा होती.

बाकीची तीन कामं

रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा, प्रशासकाचं नको. मग काहीही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि तिथे माणूस थबकतो. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनावाची शेपटी, म्हणजे .pdf किंवा .exe, दिसेल असं करा, नाहीतर ‘पीडीएफ’ वाटणारी फाइल प्रत्यक्षात चालणारा प्रोग्राम आहे हे कळतच नाही.

तिसरं काम फोटोंचं. रॅन्समवेअरने एकदा फोटो कुलूपबंद केले की अँटिव्हायरस ते बहुधा परत देऊ शकत नाही. त्यासाठी एक बाहेरची डिस्क, महिन्यातून एकदा जोडायची, प्रत काढायची आणि काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर तिच्यावरचे फोटोही त्याच वेळी कुलूपबंद होतात. मावशीने डिस्कवर पट्टी चिकटवलीय, त्यावर शेवटच्या प्रतीची तारीख ती पेन्सिलने लिहिते आणि पुढच्या वेळी खोडते.

मॅक असेल तर २००९ पासून त्यात व्हायरस अडवणारा एक्सप्रोटेक्ट आणि २०१२ पासून अनोळखी प्रोग्राम अडवणारा गेटकीपर आहे. सिस्टिम अद्ययावत ठेवा आणि अ‍ॅपलने न ओळखलेला प्रोग्राम उघडण्यासाठी सेटिंग बदलायला सांगणाऱ्या पानापासून लांब राहा.

दर दोन महिन्यांनी मी मावशीला फोन करते आणि तिच्याकडून दोन तारखा वाचून घेते. ‘प्रोटेक्शन अपडेट्स’खालची व्हायरस-यादीची तारीख, ती आजची किंवा कालची हवी. आणि शेवटच्या स्कॅनची, ती आठवड्याच्या आतली हवी. मग ती डिस्कवरची पेन्सिलची तारीख सांगते.